रफू दिसत नाही

शीतलामाता बाजारात, साड्यांच्या दोन दुकानांमधल्या जिन्याखाली
अच्युतकाका हिंगव्यांचा गाळा.
रुंदी एक माणूस, खोली दीड.
सून म्हणाली, "एक व्हिडिओ काढून दे रे भिया,
आजकाल मोबाइलवर असल्याशिवाय
जिन्याखाली कुणी वाकत नाही."

आधी काच पुसली, सदऱ्याच्या टोकानं.
(ती कुणीच पुसत नाही, आणि मग म्हणतात
फोन जुना झाला.)
आवाजासाठी पंखा बंद करवला.
ट्यूबलाइट मालवली, स्टूल रस्त्याकडे ओढलं,
"काका, उजेडाकडे तोंड करा."
"चाळीस वर्षं दुसरं काय करतोय?" काका म्हणाले
आणि गळ्यावरचा घाम पुसला.

स्टँड नव्हता.
दोन विटा, शेवेचा रिकामा डबा, त्यावर दोऱ्याचं रीळ,
रिळाला टेकून फोन, आडवा.
मग सून म्हणाली लोक उभा बघतात.
मग उभा. मग रीळ घरंगळलं
आणि तीन मिनिटं फक्त जिन्याची खालची बाजू,
कुणाच्या तरी चपला
वर जाताना.

बोलायचं एवढंच होतं: मी अच्युत हिंगवे, रफू करतो.
काका कोर्टात उभे राहिल्यासारखे
वडिलांचं नाव, वॉर्ड, घर नंबर सांगून बसले.
मी समजावलं, पहिल्या तीन सेकंदांत काहीतरी हवं,
नाहीतर माणूस अंगठ्यानं पुढे सरकवतो.
"तीन सेकंदांत," ते म्हणाले, "सुईत दोरा जात नाही."

बरं, मग काम तरी दाखवू.
एक तपकिरी कोट, खिशाजवळ सिगारेटनं जळलेला,
कालच दुरुस्त झालेला.
मी जवळ गेलो. आणखी जवळ. दोन बोटांनी ताणत ताणत
कापडाचे चौकोन झाले, नुसते रंगाचे चौकोन,
तरी जळलेलं सापडेना.
काका खूश.
"नाही ना दिसलं? मग झालं काम."

आता सांगा, कशाची जाहिरात करायची.

आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवलं
तर लोक म्हणतील कापड बदललं.
म्हणून ठरलं: एक भोक, एक सुई, मध्ये कुठेही न कापता
सुरुवातीपासून शेवटपर्यंत.
एका वकिलाची काळी पँट आली होती, उंदरानं कुरतडलेली.
एकतिसाव्या मिनिटाला फोननं सांगितलं, जागा संपली.
मी गेल्या दिवाळीतले महेश्वरचे नऊ व्हिडिओ उघडले,
घाटाच्या पायऱ्या, पाणी,
एकात कुणीतरी हसत हातानं काच झाकतं तो.
पुसले.
जागा झाली.
काका सुई अधांतरी धरून थांबले होते.
काही विचारलं नाही.

रात्री चाळीस मिनिटांची पंचवीस सेकंदं केली.
काळं भोक, त्यावर उडणारी बोटं,
कडा जवळ येतात, येतात, आणि
काहीच झालं नव्हतं असं कापड.
सून टाळ्या वाजवायला लागली.
शेजारच्या दुकानातला मुलगा म्हणाला, जादू आहे यार.

काकांनी चष्मा वर केला.
"थांबव. मागे घे. अजून जरा.
हा इथे."
अकराव्या सेकंदाला एक धागा
खालून जायचा तो वरून गेला होता.
मला दिसला नाही. सुनेला नाही.
वकिलाला तर सात जन्मांत दिसला नसता.
काकांनी घडी घातलेली पँट पिशवीतून काढली,
पंखा लावला,
ट्यूबलाइट लावली,
आणि उसवायला बसले.
"हे कुठे टाकू नकोस."

शेवटी आम्ही नुसत्या भोकाचा फोटो टाकला,
खाली नंबर.
सोमवारी चार माणसं वाकली.
पाचव्याचं डोकं जिन्याला आपटलं.